नेमकं मागणारे सगूणमामा

"तुजें काम कितें तें सांग. सारकें सांग. अर्धें सांगशी तर देवी अर्धेंच दितली."

सातेरीच्या देवळात खांबाला टेकून बसलेले सगूणमामा असं दटावू लागले की नवख्या माणसाची गाळण उडायची. तो बिचारा अंघोळ करून, नारळ घेऊन, उपाशीपोटी आलेला असायचा. त्याला वाटायचं, आपण नारळ ठेवायचा, मामांनी गाऱ्हाणं घालायचं, गुरवाने पाकळी लावायची, की सुटलो. पण मामांची उलटतपासणी पोलीस ठाण्यापेक्षा कडक. नाव काय, बापाचं नाव काय, वाडा कुठला, दुखणं कधीपासून, डॉक्टरने त्याला काय नाव दिलं? "पोटांत दुखता" एवढ्यावर ते कुणाला सोडत नसत. "पोटांत खंय? वयर काय सकयल? उजवें काय दावें?" एकदा एक गृहस्थ वैतागून म्हणाला, "मामा, देवीक सगळें खबर आसा मरे." मामा शांतपणे म्हणाले, "मगे नारळ घेवन कित्याक आयलय? घराच रावपाचो आसलो."

आमच्या गोव्यात, पेडण्याच्या बाजूला, गाऱ्हाणं घालणं हे येरागबाळ्याचं काम नाही. देवीपुढे उभं राहून, दुसऱ्याच्या वतीने, मोठ्याने मागायचं असतं. मागणारा एकेक वाक्य म्हणतो आणि जमलेली माणसं "व्हय म्हाराजा" म्हणून दुजोरा देतात. मग गुरव पाषाणावर ओल्या पाकळ्या चिकटवतो. उजवी पडली तर देवीचा होकार, डावी पडली तर नकार. पाकळीवर माझा विश्वास कधीच नव्हता. मी हायस्कुलात सायन्स शिकवते. पण सगूणमामांवर माझा विश्वास होता, आणि ते माझे शेजारी होते, म्हणून मी त्यांची गाऱ्हाणी आवडीने ऐकत असे.

अंगाने सुतळीसारखे, उंच, डोक्यावरचे केस सगळे शाबूत आणि सगळे पांढरे. गाऱ्हाण्याच्या दिवशी चहासुद्धा घ्यायचे नाहीत. तीनतीनदा चूळ भरायचे. देवीपुढे बाकीचे लोक डोळे मिटून उभे राहत, मामा मात्र डोळे सताड उघडे ठेवून सरळ तिच्या तोंडाकडे बघत. "मागताना दोळे धांपले तर तिका दिसतलें कशें, आमी खरें उलयतांव काय फट उलयतांव तें?" आवाज मोठा नव्हता, पण बाहेर तुळशीपाशी चपला सांभाळत बसलेल्या माणसालाही शब्द न् शब्द कळायचा.

तरुणपणी ते डिचोलीकडे खाणीवर फिटर होते. खनिजाचे ट्रक खोलायचे, जोडायचे. खाणी बंद पडल्या आणि ते गावी येऊन काजूच्या बागेत रमले, पण फिटरपण काही गेलं नाही. "बारा नंबराचो पानो धा नंबराच्या नटाक लागना," हे त्यांचं आवडतं वाक्य. मुलाच्या लग्नाच्या बोलणीतही ते त्यांनी म्हटलं होतं आणि व्याही मंडळी जरा वेळ गोंधळली होती. गाऱ्हाणंही त्यांच्या लेखी नटबोल्टाचंच काम. दुखण्याचं नाव नेमकं घेतलं नाही तर पाना नुसता फिरत राहणार, असं त्यांचं पक्कं मत.

त्यामुळे मला एक जादा नोकरी लागली होती. डॉक्टरांचे शब्द मामा ऐकून यायचे आणि संध्याकाळी माझ्या सोप्यावर येऊन त्यांचा अर्थ विचारायचे. वाड्यावरची एक बाई घसा सुजला म्हणून गाऱ्हाण्याला आली होती. तिला थायरॉइड म्हणून सांगितलेलं. मामा तिला देवळातच बसवून तरातरा माझ्याकडे आले.

"टीचर, हो थायरॉइड चडलेलो वायट काय देंवलेलो?"

मी म्हटलं, दोन्ही वाईट, तिचा काय झालाय ते पाहावं लागेल. मामांनी बाईला घरी पिटाळून रिपोर्ट आणायला लावला. तिचा कमी होता. मामांना घामच फुटला. "बरें जालें विचारलें तें. हांव देवीक 'कमी कर' म्हणपाचो आसलों. मेलीच आसती ती बायल."

मी खूप हसले. तेही हसले, पण त्यांचं हसणं अर्धंच होतं. दुसऱ्याचं आयुष्य आपल्या तोंडून देवीपर्यंत जातं, ही जबाबदारी त्यांना खरीच वाटत होती.

मोरजीच्या किनाऱ्यावर शॅक, म्हणजे झापाचं हॉटेल, चालवणारा एकजण एकदा गाडी घेऊन आला. त्याच्या शॅकच्या पुढ्यातच कासवं अंडी घालायला येत, मग वनखात्याची माणसं कुंपण घालत आणि त्याच्या गिऱ्हाइकांच्या खाटा मागे सरकवाव्या लागत. कासवांनी दुसरीकडे जावं असं गाऱ्हाणं घाला, म्हणाला. मामांनी नेहमीप्रमाणे सगळं विचारून घेतलं. शॅक कधीपासून? कासवं कधीपासून? मग नारळ त्याच्या हातात परत ठेवला. "तुजें हांव सांगलें तर कासवाचें कोण सांगतलो? तीं बापडीं खंय येतलीं हांगा नारळ घेवन?" शॅकवाला तणतणत गेला. पुढे कितीतरी दिवस शाळेतली पोरं मामांना 'कासवमामा' म्हणत होती आणि मामा ते नाव कौतुकाने मिरवत होते.

अशा माणसाच्या घरात सान्वी जन्मली.

मामांचा मुलगा रुपेश हरमलला टॅक्सी चालवतो. सून प्रणिता सीमेपलीकडची, बांद्याची. पहिलं बाळंतपण माहेरी झालं. बाळ दूध ओढताना टक् टक् आवाज करायचं, प्रणिताच्या डोळ्यांत पाणी यायचं, आणि पोर अर्धपोटी झोपून जायचं. ती सासरी आली तेव्हा वाड्यावरच्या बायकांनी बाळाचं तोंड उघडून पाहिलं आणि एकमुखाने निकाल दिला, जीब चिकटल्या. कुणी वेखंड उगाळून आणलं, कुणी मध. मध तेवढा नर्सबाईंनी दटावून बंद करवला. प्रणिता दूध काढून कुलेरीने, म्हणजे चमच्याने, थेंब थेंब पाजत राहिली. पोरीने बाळसं धरलं आणि जिभेची गोष्ट मागे पडली.

ती पुन्हा वर आली सान्वी अडीच वर्षांची झाल्यावर. पोर चालायची, पळायची, मांजराला आंघोळ घालायची, पण बोलायची नाही. "रुपेशूय उशिराच उलोवंक लागलो," असं मामा प्रत्येकाला सांगत. तिने जीभ बाहेर काढली की ती खालच्या ओठावरच अडायची आणि टोकाला मधोमध खाच पडायची. ती खाच बघितली की सगळ्यांना वाटायचं, सापडलं. डोळ्यांना दिसणारं कारण मिळालं की माणसाला किती बरं वाटतं!

म्हापशाच्या डॉक्टरीणबाईंकडे दाखवून आले त्या संध्याकाळी मामा माझ्याकडे आले. शब्द विसरायला नको म्हणून वाटभर पुटपुटत आले असावेत, कारण 'टीचर' म्हणण्याआधीच त्यांनी तो उच्चारला.

"अँकिलोग्लॉसिया."

मी फोनवर शोधून, माझ्या वर्गात समजावते तसं समजावलं. अँकिलो म्हणजे जखडलेलं, ग्लॉसा म्हणजे जीभ. टंग-टाय म्हणतात तेही हेच, दोन वेगळे रोग नव्हेत. जिभेखाली एक पातळ पडदा असतो, त्याला फ्रेन्युलम म्हणायचं, म्हणजे छोटा लगाम. तो सगळ्यांनाच असतो.

"माकाय आसा?" मामा दचकले.

मी त्यांना आतल्या आरशासमोर उभं केलं. त्यांनी जीभ टाळूला लावली, मान वाकडी केली आणि बराच वेळ आत बघत राहिले. इतकी वर्षं ज्या जिभेवर गाव विसंबून होतं तिच्या खालची बाजू त्यांनी कधी पाहिलीच नव्हती. "आसा मरे!" ते म्हणाले. मग त्यांच्या प्रश्नांची सरबत्ती सुरू झाली. पडदा असणं म्हणजे दुखणं नाही, तर दुखणं कधी? मी सांगितलं, तो आखूड किंवा ताठ असला आणि त्यामुळे जिभेला तिचं काम जमेना, तर. टोकापाशी चिकटला तर पुढचा म्हणतात, मुळापाशी असला तर मागचा, आणि मागच्याबद्दल डॉक्टरांचंही एकमत नाही. काही जण त्याला नंबर देतात. हिचा नंबर कितवा, हे मामांनी दुसऱ्या दिवशी फोन करून विचारून घेतलं. नुसतं कापून मोकळं करणं त्याला फ्रेनोटॉमी, आणि टाके घालून नीट बसवणं त्याला वेगळं नाव. हेही त्यांनी घोटून घोटून पाठ केलं.

मामांच्या मागोमाग आलेली प्रणिता दारात उभी होती. सान्वी तिच्या कडेवर होती आणि माझ्या पंख्याकडे एकटक बघत होती. प्रणिता हळूच म्हणाली, "त्यांनी कानाचीव तपासणी करूक सांगितल्यानी. पयली तीच करा म्हणाल्यो."

मामांनी हात झटकला. "कान बरे आसात तिचे. सकाळीं पोदेराचो पोंप वाजलो काय सगळ्यांच्या आदीं कोण धांवता?"

हे खरंच होतं. पाववाल्या पोदेराच्या सायकलचा भोंगा वाजला की मामांच्या कुत्र्यामागून सान्वी सगळ्यांच्या आधी अंगणात. मीही रोज बघत होते. तरी मी म्हटलं, "मामा, जीभ जखडलेलीं भुरगीं बोबडें उलयतात, पूण उलयतात. बडबड करतात. सान्वी बडबडूच करिना. दोनूय करून घेयात."

"टीचर, देवीक एका वेळार एकच मागपाचें. दोन मागण्यो घातल्यार पाकळी पडली ती खंयचे मागणेची, हें कळटलें कशें?"

प्रयोग करताना एका वेळी एकच गोष्ट बदला, हे मी वर्षानुवर्षं मुलांना शिकवत आले. आता माझीच शिकवण मामा मला ऐकवत होते. म्हटलं, बरं, आधी जीभ तर जीभ, पण कान लगेच. मामा हो म्हणाले. प्रणिताने सान्वीला दुसऱ्या कडेवर घेतलं. त्या घरात सासऱ्यांच्या पुढे बोलायची सोय नव्हती असं नाही, पण बोलून उपयोग नव्हता.

स्वतःच्या घराचं गाऱ्हाणं मामांनी स्वतःच घातलं. मी गेले होते. सान्वीचं नाव, रुपेशचं नाव, घराचं नाव, सगळं ओळीने आलं. मग ते क्षणभर थांबले आणि त्याच आवाजात म्हणाले, "म्हाराजा, हे तुजे लेकराचे जिबे सकयल जो पडदो आसा, जाका फ्रेन्युलम म्हणटात, तो मुखार चिकटला. ताका लागून तिका अँकिलोग्लॉसिया जाला. तो पडदो सोडोवन तिची जीब मेकळी कर म्हाराजा. डॉक्टराच्या हाताक यश दी म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," लोक म्हणाले. त्यातल्या कुणालाही तो शब्द कळला नव्हता, पण मामा चुकायचे नाहीत हे सगळ्यांना ठाऊक होतं.

उजवी पाकळी पडली. मामांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि त्यांनी ते पुसलंही नाही.

ऑपरेशन सकाळी झालं, संध्याकाळी पोर घरी. जखम लवकर भरली. एरवी ओठापलीकडे न जाणारी जीभ आता हनुवटीपर्यंत यायची. डॉक्टरीणबाईंनी व्यायाम दिले होते. वरच्या ओठाला गूळ लावायचा आणि तिने तो चाटायचा. सान्वीला तो खेळ इतका आवडला की तिने गूळ नसतानाही जीभ काढून गावभर दाखवली. मामांनी देवळात पेढे वाटले.

घरी पाठवताना डॉक्टरीणबाईंनी कानाची आठवण पुन्हा केली होती. तारीख मिळाली आणि ती गणेशचवथीच्या गडबडीत गेली. नंतरची रुपेशच्या टॅक्सीच्या सिझनमध्ये गेली. मी आठवण केली की मामा म्हणत, "पळोवया थोडे दीस." मग एकदा मी जरा जोरातच विचारलं, तेव्हा खरं कारण बाहेर पडलं. "देवीन उजवो कौल दिला. आतां वचून दुसऱ्याक विचारप म्हणजे देवीचेर दुबाव घेवप. हांवूच दुबाव घेतलों तर गांव कोणाचेर भरवंसो दवरतलो?"

दुबाव म्हणजे संशय. मी काय करायला हवं होतं, ते मला आजही सांगता येत नाही. पोर माझी नव्हती. मी रुपेशशी बोलले, तो "बाबाक सांगतां" म्हणाला. प्रणिताशी बोलले, ती नुसती रडली. ज्याने ऐकायचं, तो माणूस दुष्ट नव्हता, अडाणी नव्हता, पोरीवर जीव टाकणारा होता. अशा माणसाशी भांडावं तरी कसं?

रोज संध्याकाळी सोप्यावर त्यांची शिकवणी चाले. मामा पाय पसरून बसत, सान्वी त्यांच्या पायांवर, तोंड समोरासमोर. "आ-जो. म्हण, आ-जो." सान्वी त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघायची. मग तिचे ओठ उघडायचे, 'आ' साठी मोठे, 'जो' साठी गोल. अगदी बरोबर. फक्त त्यातून आवाज यायचा नाही. मामा हर्षाने माझ्याकडे बघत. "पळयलें? जीब सुटल्या. तोंड बरोबर जाता. आतां आवाज तितलो येवपाचो उरला."

मला ते बघवायचं नाही. मी घरात जाऊन कुकर लावत असे.

शिगम्याच्या मेळाने सगळं उघडं पाडलं. आमच्याकडे शिगम्यात, म्हणजे होळीच्या दिवसांत, ढोलताशांचा मेळ घरोघर येतो, अंगणात वाजवतो, घरवाला नारळ देतो आणि मेळाच्या वतीने त्या घराला आशीर्वाद मागितला जातो. तो आशीर्वाद वाड्यावर सगळीकडे मामाच मागत. त्या दुपारी मेळ त्यांच्याच अंगणात आला. ढोलांचा आवाज असा की आमच्या घरच्या मांडणीवरची भांडी थरथरत होती. शेजारची तान्ही पोरं भेदरून रडत होती. मोठ्या पोरांनी कानांवर हात धरले होते. पोदेराच्या भोंग्याला अंग झाडून उठणारा मामांचा कुत्रा माजघरात पळाला होता.

सान्वी सोप्यावरच्या चटईवर झोपली होती. दमून, तोंड उघडं टाकून.

वाजवणाऱ्यांपासून ती हाताच्या अंतरावर असेल. मामा आशीर्वाद मागायला पुढे झाले आणि त्यांची नजर तिच्यावर गेली. त्यांनी तिच्याकडे बघितलं, मग कुत्रा पळाला त्या दाराकडे बघितलं. रोज सकाळी भोंगा वाजला की कुत्रा उठायचा, आणि कुत्रा उठला की सान्वी धावायची. हे मला त्या क्षणी कळलं आणि त्यांच्या चेहऱ्यावरून दिसलं की त्यांनाही कळलं. ताशेवाल्याने थांबून मामांकडे बघितलं. मामा उभे होते, हातात नारळ, आणि त्यांना एक शब्द आठवेना. कुणीतरी दुसऱ्याने कसंबसं चार वाक्यांत आटोपलं. सान्वी झोपूनच होती.

तपासणी त्याच आठवड्यात झाली. पोरीला झोपवून, डोक्याला तारा लावून. दोन्ही कान जन्मापासून जवळजवळ बंद. पुन्हा नवे शब्द आले, बेरा म्हणजे ती तारांची तपासणी, कॉक्लिया म्हणजे कानाच्या आतला शंख, प्रोफाउंड म्हणजे सगळ्यात जास्त बहिरेपण. ह्या वेळी मामा अर्थ विचारायला आले नाहीत. प्रणिता आली. मी तिला सांगितलं, काय करता येतं आणि काय नाही. कानामागे यंत्र लावून बघायचं, त्याने नाही भागलं तर ऑपरेशनचा विचार. आवाज लवकर पोचला तर भाषा लवकर येते. जितका उशीर, तितकं अवघड. हे शेवटचं वाक्य तिच्यापुढे उच्चारायला मला फार जड गेलं, आणि तिने ते आधीच ऐकलेलं होतं.

मी होऊन मामांकडे गेले. ते काजूच्या बिया निवडत बसले होते, चांगल्या नि किडक्या एकाच ढिगात टाकत होते.

"मामा, हें जल्मापासून आसा. तुमच्यामुळें जावंक ना."

"खबर आसा." त्यांनी एक बी बोटांत फिरवली आणि न बघताच ढिगात टाकली. "टीचर, देवीक दोश दिवंक येना. हांवें मागलें तें तिणें दिलें. जीब मेकळी कर म्हटलें, केली. एक शब्द चुकूंक ना माजो. मागणेंच चुकीचें."

"तुमी देवाची माणसां. देवीक खबर नासलें?" माझ्या तोंडून निघून गेलं. मला राग आला होता, त्यांचा की देवीचा ते ठाऊक नाही.

त्यांनी वर बघितलं. इतकं हरलेलं तोंड मी पूर्वी पाहिलं नव्हतं. "आसतलें. पूण तिणें कशें सांगपाचें? तिचेकडेन दोनच पाकळ्यो. उजवी नाजाल्यार दावी. जें आमी विचारूंकच ना, ताची जाप ती दितली कशी?"

मी त्यांच्याबरोबर बिया निवडत बसले.

मामा गाऱ्हाणी घालतच राहिले. दुसरं कुणी तयार झालेलं नव्हतं आणि लोक येतच होते. पण आता ते कुणाला काही विचारत नसत. नारळ घ्यायचे, उभे राहायचे आणि म्हणायचे, "म्हाराजा, हें तुजें लेकरूं आयलां. ताचें जें कितें आसा तें तूं जाणा. तें पळे म्हाराजा." संपलं. लोकांना हे अगदी पसंत नव्हतं. पोरीच्या परीक्षेसाठी आलेली एक बाई माझ्यासमोर म्हणाली, "मामा, नांव घेयात मरे, बारावी म्हणात, सायन्स म्हणात." मामा म्हणाले, "नांव घेतलें तर तितलेंच मेळटलें गो बाय." बाई हिरमुसली. नारळाबरोबर तिला काहीतरी अर्धवट दिल्यासारखं वाटलं असणार, आणि तिचं चूक नव्हतं. हळूहळू माणसं शेजारच्या गावच्या देवळात जाऊ लागली.

जूनमध्ये माझी डिचोलीच्या शाळेत बदली झाली. मामा त्या वर्षीच्या दिवाळीत गेले. झोपेतच गेले म्हणतात. सान्वी आता दार जोरात आपटलं की कधी कधी मान फिरवते, असं प्रणिता फोनवर सांगते. मोठ्या ऑपरेशनसाठी त्यांच्या फेऱ्या चालू आहेत. मामांच्या हयातीत मात्र ती मान कधी फिरली नाही.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते सामान हलवलं त्या दिवशी. टेंपो पुढे गेला होता आणि मी निरोप घ्यायला त्यांच्याकडे गेले. सान्वी अंगणात उकिडवी बसून, माझ्याकडे पाठ करून, मातीत करवंटीने काहीतरी थापत होती. दोन्ही कानांमागे नवी यंत्रं, गुलाबी. यंत्र लावल्यावर काय करायचं ते शिकवणाऱ्या बाईंनी मामांना दाखवून दिलं होतं. मुलीच्या पाठीमागे उभं राहायचं, आपलं तोंड तिला दिसू द्यायचं नाही, नावाने हाक मारायची, थांबायचं, पुन्हा हाक मारायची. दिवसातून जमेल तितक्या वेळा. कंटाळायचं नाही.

मामा तिच्या मागे उभे होते. ती चुकून वळली तर ओठ दिसू नयेत म्हणून त्यांनी तोंडापुढे पंचा धरला होता. मला बघून त्यांनी दुसऱ्या हाताने थांब अशी खूण केली. मी थांबले. मग त्यांनी हाक मारली. देवळात मारत त्याच आवाजात, सावकाश, एकेक अक्षर सुटं करून.

"सा-न्वी."

करवंटी थापली जात राहिली. मामा थांबले, पुन्हा हाक मारली. पुन्हा थांबले. मग पंचा खाली करून माझ्याकडे बघितलं, जा तू म्हणाले मानेनेच, आणि पंचा पुन्हा तोंडापुढे धरला. मी निघाले. पायवाट उतरून फाटकापर्यंत पोचले तेव्हा मागून ती हाक परत आली, इतकी स्पष्ट, इतकी आर्जवी, की मीच गर्रकन वळले. रस्त्यावरून काठी टेकत जाणारा एक म्हातारा वळला. समोरच्या घराच्या खिडकीतून एका बाईने डोकं बाहेर काढलं. सान्वी मातीत करवंटी थापत होती, आणि तिच्या मागे मामा, तोंड झाकून, पुढच्या हाकेसाठी श्वास घेत होते.